दोनदा लिहिलेले अक्षर

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात ऑर्म नावाचा एक ख्रिस्ती मठवासी प्रचंड ग्रंथ लिहीत बसला होता. बर्न गावातल्या ऑगस्टिनियन पंथाच्या मठात तो राहत असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वॉल्टर हा त्याचा सख्खा भाऊ, शिवाय धर्मबंधू आणि मठबंधूही. त्याच्याच आग्रहावरून ऑर्मने हे काम अंगावर घेतले होते. चर्चमध्ये वर्षभर वाचल्या जाणाऱ्या बायबलच्या उताऱ्यांचे साध्या लोकांना कळेल अशा इंग्रजी पद्यात निरूपण करायचे, हा संकल्प होता. अनुक्रमणिकेत २४२ निरूपणांची नोंद आहे. त्यांतली अवघी ३२ आज उरली आहेत आणि तरीही ओळींची संख्या एकोणीस हजारांच्या घरात जाते. ऑर्मच्या स्वतःच्या हातची ही एकमेव पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे.

पोथी देखणी मुळीच नाही. चर्मपत्रे लांबट, अरुंद आणि वेड्यावाकड्या कडांची आहेत. अक्षर जाड आणि दाट, समासात भर घातलेली, मध्येच चिकटवलेल्या कातड्याच्या पट्ट्या. सोन्याची वेलबुट्टी नाही, चित्रे नाहीत. पण इंग्रजीच्या इतिहासाचे अभ्यासक या पोथीला अनमोल मानतात, ते तिच्यातल्या स्पेलिंगसाठी. ऑर्म स्वतःचे नाव दोन ‘आर’ घालून लिहितो. ‘अँड’ या साध्या शब्दात तो दोन ‘एन’ घालतो. ‘अंडर’मध्ये ‘एन’ही दोन आणि शेवटचे ‘आर’ही दोन. पण ‘बुक’ या शब्दातला स्वर त्या काळी दीर्घ होता, तिथे मात्र शेवटचे व्यंजन एकच. पानामागून पाने हाच शिरस्ता चालतो. स्वर ऱ्हस्व असेल तर त्यामागचे व्यंजन दोनदा, दीर्घ असेल तर एकदा.

हे त्याने किती गांभीर्याने घेतले होते, ते त्याच्या प्रस्तावनेतून कळते. पुढे कोणी या ग्रंथाची नक्कल करणार असेल, तर आपण जिथे अक्षर दोनदा लिहिले आहे तिथे त्यानेही ते दोनदाच लिहावे. नाहीतर इंग्रजीत तो शब्द बरोबर लिहिला असे होणार नाही, अशी ताकीद तो नकलनविसांना देतो. या काटेकोरपणामागे कारण होते. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्याला शंभर वर्षे उलटली होती. दरबारात फ्रेंच चाले, चर्चमध्ये लॅटिन. इंग्रजीत लिहिलेले लोकांसमोर मोठ्याने आणि चुका न करता वाचून दाखवायचे, तर वाचणाऱ्याच्या हाती उच्चाराची खूण द्यायला हवी होती. ऑर्मने ती दुहेरी व्यंजनातून दिली.

शाळेत ‘होप’ला ‘आयएनजी’ लावताना ‘पी’ एकच आणि ‘हॉप’ला लावताना ‘पी’ दोन, हे आपण घोकतो. त्या नियमाच्या मुळाशी हाच विचार आहे.

ऑर्मच्या आधीच्या इंग्रजीत दुहेरी व्यंजन ही निव्वळ लिहिण्यापुरती खूण नव्हती. ते खरोखर दुहेरी उच्चारले जाई. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘हला’ आणि ‘हल्ला’ या शब्दांत फरक आहे तो फक्त ‘ल’वर थांबण्याचा, आणि तेवढ्याने अर्थ पार बदलतो. जुन्या इंग्रजीतही असेच होते. आशा धरणे या अर्थाचे क्रियापद होते ‘हॉपिअन’ आणि उडी मारणे या अर्थाचे ‘हॉप्पिअन’. दोन्हींतला स्वर ऱ्हस्वच होता. भेद होता तो एका आणि दोन ‘पी’ंचा, आणि तो कानाला स्पष्ट ऐकू येत असे.

ऑर्मनंतरच्या दोनशे वर्षांत इंग्रजीच्या उच्चारात दोन मोठे बदल झाले. शब्दाच्या ज्या अवयवाच्या, म्हणजे उच्चारातल्या एका तुकड्याच्या, शेवटी व्यंजन नाही, त्यातला ऱ्हस्व स्वर लांबू लागला. हा बदल मुख्यतः तेराव्या शतकातला. त्यामुळे ‘हॉपिअन’मधला पहिला स्वर दीर्घ झाला आणि त्याचे पुढे आजचे ‘होप’ झाले. ‘हॉप्पिअन’मध्ये पहिला ‘पी’ आधीच्या अवयवाला चिकटलेला असल्याने तिथला स्वर ऱ्हस्वच राहिला. मग १४००च्या सुमारापर्यंत दुहेरी व्यंजने उच्चारण्याची सवयच सुटली आणि दोन ‘पी’ एका ‘पी’सारखे ऐकू येऊ लागले. व्यंजनातला भेद स्वरात गेला. कागदावर मात्र दोन अक्षरे तशीच राहिली. त्यांच्याकडे नवे काम आले. आधीचा स्वर आखूड आहे, हे सांगण्याचे काम.

ऑर्म या स्थित्यंतराच्या ऐन उंबरठ्यावर होता आणि त्याच्या कानाने ते टिपले होते. शब्दाच्या मध्ये, पुढे लगेच स्वर येत असेल, तर तो ऱ्हस्व स्वरानंतरही व्यंजन दुहेरी करत नाही. कारण त्याच्या बोलीत अशा जागी दोन अक्षरांचा अर्थ खरोखरचा दुहेरी उच्चार असाच होत होता. तिथे तो कधी कधी स्वराच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी छोटी खूण करतो. ध्वनिशास्त्र हे नावही युरोपात कोणी ऐकले नव्हते, त्या काळात एका मठवाशाने एवढा बारकावा पाळला, ही इंग्रजीच्या इतिहासातली थक्क करणारी गोष्ट आहे. त्याच्या पोथीची दुसरी प्रत आजवर सापडलेली नाही. त्याची पद्धत कोणी उचलली नाही. पण ऱ्हस्व स्वरानंतर दोन व्यंजने ही कल्पना भाषेच्या बदलातून सगळ्यांच्याच लेखणीत उतरली.

काही अक्षरांनी मात्र या नियमाला दाद दिली नाही, आणि त्याची कारणे बोरूने लिहिणाऱ्यांच्या हातात दडलेली आहेत. मध्ययुगात ‘यू’ आणि ‘व्ही’ ही दोन स्वतंत्र अक्षरे नव्हती. एकाच अक्षराची ती दोन रूपे होती. दोन ‘व्ही’ शेजारी लिहिले की त्याचे ‘डब्ल्यू’ होई. म्हणून ‘रिव्हर’, ‘नेव्हर’, ‘लिव्हर’ या शब्दांत स्वर ऱ्हस्व असूनही ‘व्ही’ एकटाच राहिला. ‘के’ दुहेरी करायचा तर त्याच्या आधी ‘सी’ आला. ‘पिकनिक’चे ‘पिकनिकिंग’ करताना मध्येच ‘के’ घुसतो, तो याच रिवाजाने. ‘च’ या ध्वनीच्या आधी ‘टी’ आला, तर ‘ज’साठी ‘डी’ आणि ‘जी’ची जोडी जमली. ‘फेच’ आणि ‘ब्रिज’ या शब्दांतली न उच्चारली जाणारी अक्षरे ही खरे तर वेषांतर केलेली दुहेरी व्यंजनेच आहेत. मोटारीचे इंजिन रेटण्याला विसाव्या शतकात ‘रेव्ह’ हा शब्द रूढ झाला, त्याला प्रत्यय लावताना मात्र दोन ‘व्ही’ शेजारी लिहिले जातात.

१४७६मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईने स्पेलिंग लगोलग एकसारखे झाले, असा एक समज आहे. प्रत्यक्षात पुढची शंभर वर्षे गोंधळच होता. एकाच पानावर एकच शब्द दोन-तीन तऱ्हांनी छापलेला दिसे. शब्दाच्या शेवटी निष्कारण दुहेरी व्यंजन आणि त्यामागे एक मुका ‘ई’ ही तर सर्रास पद्धत होती. ओळीची लांबी नेमकी भरण्यासाठी खिळे जुळवणाऱ्यांनाही असे एखादे जादा अक्षर सोयीचे पडे.

या गोंधळावर पहिला कडक घाव घातला जॉन हार्टने. हा राजदरबारातला मानचिन्हे आणि वंशावळ्या सांभाळणारा अधिकारी. १५५१मध्ये त्याने इंग्रजी लेखनाच्या अतार्किकपणावर एक हस्तलिखित तयार केले आणि १५६९मध्ये ‘ॲन ऑर्थोग्राफी’ हे पुस्तक छापले. अक्षर ध्वनीसाठी असते. ज्याला ध्वनी नाही ते अक्षर हवेच कशाला, हा त्याचा सवाल होता. दुहेरी व्यंजने आणि मुका ‘ई’ दोन्ही काढून टाकावीत आणि स्वर दीर्घ असेल तिथे त्याच्याखाली टिंब द्यावे, असे त्याने सुचवले. तर्काला हे बिनतोड होते. पण लोकांचे डोळे जुन्या रूपांना सरावलेले होते, आणि हार्टची टिंबे त्याच्या पुस्तकातच राहिली.

रिचर्ड मुलकॅस्टर हा हार्टपेक्षा व्यवहारी माणूस. १५६१मध्ये लंडनला मर्चंट टेलर्स स्कूल सुरू झाले, त्याचा हा पहिला मुख्याध्यापक. पुढे कवी म्हणून गाजलेला एडमंड स्पेन्सर त्याच्याच हाताखाली शिकला. मुलांना शिकवणाऱ्याला काय लागते, हे मुलकॅस्टरला ठाऊक होते. नवी लिपी नको, नवी चिन्हे नकोत, रूढीतच शिस्त हवी. १५८२च्या ‘एलिमेंटारी’ या ग्रंथात त्याने हीच भूमिका मांडली आणि हजारो शब्दांची शिफारस केलेली स्पेलिंगे पुस्तकाच्या शेवटी दिली. ‘पुट’च्या शेवटी दोन ‘टी’, ‘ग्रब’च्या शेवटी दोन ‘बी’, ‘लेड’च्या शेवटी दोन ‘डी’ लिहिणे फुकट आहे, असे त्याने बजावले. गरजेचे अक्षर मात्र टाकू नये, म्हणून ‘फेच’मधला ‘टी’ त्याने राखला. शेवटी दुहेरी व्यंजन नको आणि प्रत्यय लागून पुढे स्वर आला की मात्र हवे, ही आजची घडी बसायला इथून वाट मोकळी झाली.

पुढच्या दीडशे वर्षांत एका अवयवाच्या शब्दांचा प्रश्न जवळपास सुटला. ‘रन’, ‘सिट’, ‘स्टॉप’, ‘बिग’ अशा शब्दांत एक स्वर, त्यामागे एक व्यंजन. पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय आला की व्यंजन दुहेरी होते. तसे केले नाही, तर वाचणारा आधीचा स्वर लांबवतो. ‘डायनिंग’मध्ये ‘एन’ एक आणि ‘डिनर’मध्ये दोन, यामागचे कारण हेच. प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल, तर दुहेरी करण्याचा प्रश्नच नाही. ‘सॅड’चे ‘सॅडर’ होताना ‘डी’ दोन, पण ‘सॅडनेस’मध्ये एकच.

खरा तंटा उभा राहिला तो लांब शब्दांवरून.

‘बिगिन’ला प्रत्यय लागला की ‘एन’ दोन होतात. ‘ओपन’ला लागला की ‘एन’ एकच राहतो. ‘रिफर’च्या भूतकाळात ‘आर’ दोन, ‘ऑफर’च्या भूतकाळात एक. हे कशावरून ठरवायचे? अठराव्या शतकात त्याचे उत्तर सापडले. उच्चाराचा जोर शेवटच्या अवयवावर असेल तर व्यंजन दुहेरी करा, आधीच्या अवयवावर असेल तर एकेरी ठेवा. ‘बिगिन’ आणि ‘रिफर’ यांत जोर शेवटी आहे, ‘ओपन’ आणि ‘ऑफर’ यांत सुरुवातीला. ‘रिफर’चे ‘रेफरन्स’ झाले की जोर सरकून पहिल्या अवयवावर जातो आणि दुसरा ‘आर’ लगेच गळतो. नियम लहानसा, पण तो शब्दाच्या नादाशी बांधलेला आहे.

या नियमाचा आग्रह धरणाऱ्यांत एक मोठे नाव होते रॉबर्ट लाउथ यांचे. हे पुढे लंडनचे बिशप झाले. १७६२मध्ये निघालेले त्यांचे इंग्रजी व्याकरणाचे छोटे पुस्तक कित्येक दशके शाळांमधून चालले. ‘वर्शिप’चे ‘वर्शिपिंग’ करताना दोन ‘पी’ आणि ‘काउन्सेल’चे ‘काउन्सेलिंग’ करताना दोन ‘एल’ लिहिण्याची चूक फार होते, असे त्यांचे म्हणणे होते. या शब्दांत जोर पहिल्या अवयवावर आहे. मग दुहेरी कशासाठी? उच्चारकोशकार जॉन वॉकरने आपल्या यमककोशात लाउथ यांच्या या मताला दुजोरा दिला.

पण लंडनच्या छापखान्यांवर वजन पडले ते दुसऱ्याच पुस्तकाचे. १५ एप्रिल १७५५ रोजी सॅम्युएल जॉन्सनचा शब्दकोश प्रसिद्ध झाला होता. बेचाळीस हजारांहून अधिक शब्द आणि लाखाहून अधिक अवतरणे असलेला तो ग्रंथ लंडनच्या गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर मोजक्या मदतनिसांना घेऊन तयार झाला. शब्दांचे अर्थ लावण्यात जॉन्सनला तोड नव्हती. स्पेलिंगच्या बाबतीत मात्र त्याने बहुधा चालू वहिवाटच उचलली, आणि ती वहिवाट एकसारखी नव्हती. त्याच्या कोशात ‘अपहिल’ला दोन ‘एल’ आहेत, ‘डाउनहिल’ला एकच. ‘ट्रॅव्हलर’ त्याने दोन ‘एल’ घालून छापला. ‘एल’ने संपणाऱ्या शब्दांबाबत इंग्लंडने जॉन्सनच्या वेळची ही सवय जपली. जोर कुठेही असो, ‘ट्रॅव्हल’, ‘कॅन्सल’, ‘सिग्नल’, ‘लेव्हल’ यांना स्वराचा प्रत्यय लागला की ब्रिटिश लेखणी ‘एल’ दुहेरी करते. बिशप लाउथ यांचे म्हणणे त्यांच्याच देशात ‘एल’पुरते कोणी ऐकले नाही.

ते ऐकले अटलांटिकपलीकडे, कनेक्टिकटच्या एका शिक्षकाने. नोआ वेब्स्टर १७५८मध्ये हार्टफर्डजवळ जन्मला. ब्रिटनने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले त्या १७८३ सालीच त्याचे स्पेलिंगचे पाठ्यपुस्तक निघाले. निळ्या पुठ्ठ्यामुळे ते ‘ब्लू-बॅक्ड स्पेलर’ म्हणून घरोघर ओळखले जाऊ लागले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. १८०६मध्ये त्याने एक लहान शब्दकोश काढला आणि मग दोन दशकांहून अधिक काळ मोठ्या कोशाला वाहून घेतले. त्यासाठी उतारवयात पॅरिस आणि केंब्रिजपर्यंत प्रवास केला. केंब्रिजला १८२५च्या जानेवारीत शेवटचा शब्द लिहिताना आपला हात इतका थरथरत होता की लेखणी स्थिर धरणे अवघड गेले, असे त्याने नंतर लिहून ठेवले आहे. १८२८च्या अखेरीस ‘ॲन अमेरिकन डिक्शनरी ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ दोन खंडांत बाहेर आली. शब्द सत्तर हजार, छापलेल्या प्रती २५००, किंमत २० डॉलर. वेब्स्टरने तेव्हा सत्तरी गाठली होती.

या कोशाच्या प्रस्तावनेत वेब्स्टरने दुहेरी व्यंजनाचा मुद्दा सविस्तर मांडला आणि आधार म्हणून वॉकर आणि लाउथ यांचीच नावे पुढे केली. ‘ट्रॅव्हलर’, ‘कॅन्सल्ड’, ‘वर्शिपर’ या शब्दांतली जादा अक्षरे त्याने गाळली. आज ज्याला आपण अमेरिकन स्पेलिंग म्हणतो, त्यातला हा भाग मूळचा एका इंग्रज बिशपचा आहे. वेब्स्टरने तो फक्त तडीस नेला.

तो केवळ अक्षरे कापत सुटला होता, असेही नाही. मूळ शब्दात जे आहे ते प्रत्ययानंतरही दिसले पाहिजे, हा त्याच्या विचाराचा दुसरा अर्धा भाग. ‘स्किल’मध्ये दोन ‘एल’ आहेत, तर ‘स्किलफुल’मध्ये पहिल्या भागाचे दोन्ही ‘एल’ हवेत. ‘विलफुल’चेही तेच. ‘फुलफिल’ आणि ‘एन्रोल’ यांच्या शेवटीही दोन. ब्रिटिश पद्धत या सगळ्या ठिकाणी एका ‘एल’वर भागवते. म्हणजे अमेरिकन माणूस अक्षरे वाचवतो आणि ब्रिटिश उधळतो, हा सरधोपट समज चुकीचा आहे. ‘ट्रॅव्हलर’मध्ये एक ‘एल’ वाचला, पण ‘स्किलफुल’मध्ये एक वाढला. दोन्ही निर्णयांमागे एकच तत्त्व होते.

कोश छापून निघाला म्हणजे देशाने तो मानला, असे नव्हते. वेब्स्टरच्या मोठ्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती करायला मदत केली होती जोसेफ वूस्टरने. १८३०मध्ये त्याने स्वतःचा कोश काढला. वेब्स्टरने १८३४मध्ये त्याच्यावर चोरीचा आरोप केला आणि अमेरिकेत तीस वर्षे कोशांची लढाई पेटली. वूस्टर जुन्या ब्रिटिश वळणाचा, त्याच्या कोशात ‘ट्रॅव्हलर’ला दोन ‘एल’. हार्वर्डकडची मंडळी त्याच्या बाजूची, येलकडची वेब्स्टरच्या. १८४३मध्ये वेब्स्टर वारला. स्प्रिंगफील्डच्या मेरियम बंधूंनी कोशाचे हक्क विकत घेतले, शब्दांच्या व्युत्पत्ती सुधारून घेतल्या, किंमत उतरवली आणि १८६४ची आवृत्ती अशी भक्कम काढली की वूस्टर मागे पडला. एका ‘एल’चा ‘ट्रॅव्हलर’ अमेरिकेत टिकला, त्यात वेब्स्टरच्या तर्काइतकाच मेरियम बंधूंच्या व्यापारी चिकाटीचाही वाटा आहे.

तर्क पुरेसा नसतो, याचा पुरावा १९०६मध्ये मिळाला. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या पैशावर त्या वर्षी ‘सिम्प्लिफाइड स्पेलिंग बोर्ड’ स्थापन झाले आणि त्याने ३०० शब्दांची सोपी स्पेलिंगे सुचवली. दुहेरी व्यंजनाचा नियम त्यांनी एका ठिकाणी मुळातूनच निकालात काढला. ‘ड्रॉप’, ‘स्टॉप’, ‘स्टेप’ यांच्या भूतकाळात उच्चार ‘ट’ असा होतो, तर सरळ शेवटी ‘टी’ जोडा. मग दोन ‘पी’ही नकोत आणि ‘ईडी’ही नको. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ही यादी पटली. २७ ऑगस्टला त्यांनी सरकारी छापखान्याला फर्मान सोडले, की कार्यकारी खात्यांची सरकारी प्रकाशने याच स्पेलिंगने छापावीत. वृत्तपत्रांनी टिंगलीचा पाऊस पाडला. सर्वोच्च न्यायालयाने ही रूपे वापरायला नकार दिला. डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने १४२ विरुद्ध २४ मतांनी रूढ कोशांच्या स्पेलिंगच्या बाजूने ठराव केला आणि रूझवेल्ट यांना माघार घ्यावी लागली. देशाच्या सर्वोच्च पदावरच्या माणसाला ‘ड्रॉप’मधला एक ‘पी’ कमी करता आला नाही.

इंग्लंडमध्ये याच सुमारास वेगळ्या तऱ्हेने शिस्त लागत होती. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाचे प्रमुख होरेस हार्ट यांनी १८९३मध्ये आपल्या खिळेजुळाऱ्यांसाठी नियमांची एक छोटी पुस्तिका केली. १९०४मध्ये ती सर्वांसाठी विक्रीला आली. कुठे अक्षर दुहेरी करायचे आणि कुठे नाही, याच्या याद्या त्यात होत्या. तात्त्विक वाद बाजूला ठेवून छापखान्यातल्या माणसाला चटकन उत्तर मिळावे, एवढाच तिचा उद्देश. ‘हार्ट्स रूल्स’च्या आवृत्त्या पुढे निघतच राहिल्या.

विसाव्या शतकाच्या शेवटी हा नियम यंत्रांच्या हाती गेला. केंब्रिजच्या मार्टिन पोर्टर यांनी १९८०मध्ये, शब्दांचे प्रत्यय काढून मूळ रूप शोधणारी एक पद्धत प्रसिद्ध केली. ग्रंथालयातली सूची शोधताना ‘हॉपिंग’ आणि ‘हॉप’ हे एकाच शब्दाचे अवतार आहेत, हे संगणकाला कळायला हवे होते. पोर्टर यांनी शाळेतला नियम उलटा फिरवला. प्रत्यय काढल्यावर शेवटी दुहेरी व्यंजन उरले, तर त्यातले एक गाळा. पण ते व्यंजन ‘एल’, ‘एस’ किंवा ‘झेड’ असेल तर हात लावू नका. कारण ‘फॉल’, ‘हिस’ आणि ‘फिझ’ या शब्दांत ती मुळातच दोन आहेत. ‘एल’चे दुखणे तेवढ्याने मिटले नाही. ‘कंट्रोल’मधला जादा ‘एल’ गाळायचा आणि ‘रोल’मधला ठेवायचा, यासाठी त्यांना पद्धतीच्या अगदी शेवटी एक वेगळी पायरी घालावी लागली. जॉन्सन आणि वेब्स्टर ज्या अक्षरावर फुटले, त्याच अक्षराने संगणकालाही एक पायरी जास्त चढायला लावली.

इंटरनेटवर तर एका विसरलेल्या अक्षराने कायमचे घर केले आहे. एका वेब पानावरून दुसऱ्यावर गेलो, की आपण कुठून आलो ते सांगणारी नोंद ब्राउझर पाठवतो. या नोंदीचे नाव ‘रिफरर’. मूळ ‘रिफर’मध्ये जोर शेवटच्या अवयवावर, म्हणून मधले ‘आर’ दोन हवेत. नव्वदच्या दशकात फिलिप हॅलम-बेकर यांनी ही सोय सुचवली तेव्हा त्यात एकच ‘आर’ पडला. रॉय फील्डिंग या तज्ज्ञाने नोंदवून ठेवले आहे, की युनिक्स प्रणालीतल्या शब्दतपासणीला दोन्ही रूपे सारखीच अनोळखी होती. मे १९९६मध्ये वेबवरच्या संदेशवहनाचे नियमपत्र निघाले, त्यात हे चुकीचे रूप तसेच गेले. तोवर जगभरच्या सर्व्हरांमध्ये ते रुजले होते. दुरुस्त करायला गेले असते तर सगळीकडच्या आज्ञावल्या मोडल्या असत्या. १९९९च्या नियमपत्रात त्या शब्दापुढे ‘मूळ चूक तशीच ठेवली आहे’ अशा अर्थाची खूण आहे. नंतर आलेल्या ‘रिफरर पॉलिसी’ या सोयीच्या नावात दोन ‘आर’ आहेत. आजही दोन्ही रूपे शेजारी शेजारी चालतात, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कुठे कोणते ते लक्षात ठेवावे लागते.

भारतात इंग्रजी आली ती ब्रिटिश वळणाने. म्युच्युअल फंडासाठी किंवा पगाराचे खाते जोडण्यासाठी आपण चेकवर दोन रेघा ओढून ‘कॅन्सल्ड’ लिहितो, तेव्हा त्यात दोन ‘एल’ घालतो. अमेरिकन माणूस तिथे एकच लिहील, आणि दोघेही बरोबर असतील. अडचण होते ती संगणकाची भाषा अमेरिकन ठेवलेली असली की. पुण्या-मुंबईच्या कचेरीत शुद्ध ब्रिटिश स्पेलिंगखाली लाल रेघ उमटते आणि लिहिणारा मुकाट्याने बरोबर शब्द ‘सुधारतो’. मग एकाच पत्रात ‘ट्रॅव्हल्ड’ एका ‘एल’चा आणि ‘कॅन्सल्ड’ दोन ‘एल’चा, अशी खिचडी होते. संगणकात भाषा निवडताना ब्रिटिश किंवा भारतीय इंग्रजी निवडली की हा त्रास संपतो. आणि पत्र अमेरिकेतल्या कंपनीला जाणार असेल, तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत अमेरिकन पद्धत ठेवावी.

मुलांना हा नियम शिकवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मराठीत कोणत्या अवयवावर जोर दिला, याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. म्हणून मराठी कानाला ‘रिफर’ आणि ‘ऑफर’ यांच्या जोरातला फरक आपोआप कळत नाही, आणि दुहेरी व्यंजनाचा नियम अपवादांची नुसती यादी वाटू लागतो. ही यादी पाठ करून घेण्यात तास घालवू नयेत. शब्दकोशात प्रत्येक शब्दाच्या उच्चारात जोराच्या अवयवाआधी एक छोटी उभी रेघ दिलेली असते. ती कशी वाचायची ते मुलांना दाखवावे, शब्द मोठ्याने म्हणून घ्यावा आणि मगच प्रत्यय लावायला सांगावे. ‘एल’पुरती ब्रिटिश रीत निराळी आहे, एवढे त्याला जोडून सांगितले की शाळेत लागणारे बहुतेक शब्द मुले स्वतःच बरोबर लिहू शकतात.